सहदेवच्या हातचा रोडगा

नवस बोलावा तो हात जोडून, गोड बोलून, ही जगाची रीत. कौशल्याबाईची रीत निराळी. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाखाली शेंदूर फासलेला मुंजाबा आहे. त्याच्यासमोर तिनं बसकण मारली आणि देवाला सरळ दमच भरला.

"तुले काय कमी केलं रे म्यां? दर सालाले नारळ, दर सालाले शेंदूर. माह्या सहदेवची दारू सुटली पाह्यजे अन् त्याचा खोकला गेला पाह्यजे. पुरं साल निभलं तं साऱ्या गावाले रोडगे घालतो, त्याच्याच हातचे. नाई निभलं, तं पुढच्या साली तुले शेंदूर कोन लावते तेच पायतो!"

असल्या बाईला देवही टरकला असावा. साल निभलं. सहदेव दारूला शिवला नाही. सुरुवातीचे महिने तर तो गावातच नव्हता. मोझरीला जाऊन राहिला, आश्रमात झाडलोट करायचा, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायचा आणि हात थरथरायला लागले की मांडीखाली दाबून धरायचा. क्षयाच्या गोळ्याही त्यानं एक न चुकवता घेतल्या. शेवटी अमरावतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि कौशल्याबाईला समोर बसवून सांगितलं, "मावशी, याचा टीबी बरा झाला. आता याच्यापासून कुणाला काही होत नाही. एका ताटात जेवलात तरी चालेल."

"पुन्ना सांगा," कौशल्याबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं. मग ही बाहेर गेली, सहदेवला हाताला धरून आत आणलं आणि म्हणाली, "आता याच्यासमोर सांगा." बाहेर रोग्यांची रांग लागली होती, पण डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी तिसऱ्यांदाही सांगितलं.

आता हा सहदेव आधी कोण होता, ते सांगायला हवं. गावालाच खरं तर ते सांगायला हवं, पण गाव सोयीनं विसरतं, त्याच्याशी डोकं लावण्यात अर्थ नाही. अंजनगावच्या पुढच्या त्या पाच-पंचवीस खेड्यांत रोडग्यांचं जेवण असलं की पहिला निरोप सहदेवला जायचा. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, हे ऐकायला सोपं. करायला बसलं की वरून कोळसा आणि आत कच्चं पीठ. सहदेवचा रोडगा मात्र असा की राख झटकून हातात दाबला तर खुसखुशीत फुटायचा, आणि त्यावर तूप ओतलं की माणूस वरण घ्यायचं विसरायचा. लोक त्याला गाडी पाठवून न्यायचे. हा विस्तवाशी बसून गोष्टी सांगायचा, हसवायचा. दारू म्हणाल तर होळीला, पोळ्याला चोरून घेतली असेल तेवढीच.

मग कोरोनाचा तो दुसरा उन्हाळा आला. अमरावतीत खाट मिळेना, अकोल्यात मिळेना. सहदेवचे वडील भगवंतराव घरातच गेले. गावातली दारं अशी लागली की जणू कुणी आत राहतच नव्हतं. भावकीतला एक माणूस उंबऱ्याशी आला नाही. सहदेवनं एकट्यानं बापाला चादरीत गुंडाळलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं, आणि कौशल्याबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसली. लाकडंही त्या दोघांनीच रचली.

काही दिवसांनी वामनरावांची आई वारली. वामनराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, संत्र्याची बाग, दारात दोन गाड्या. पण आईच्या अंगाला हात लावायची त्यांची छाती होईना. त्यांनी सहदेवला निरोप पाठवला, "तुह्या घरात होऊन गेला, तुले आता काई होत नाई."

सहदेव जायला नाही म्हणत होता. कौशल्याबाईनंच त्याला उठवलं. "आपल्या दारी कोनी आलं नाई, म्हून आपनही तसंच वागाचं काय? म्हतारी तुले लेकरासारखं पाहे," ती म्हणाली. पोरगा उठला आणि गेला. वामनरावांनी लांबूनच ओट्यावर बाटली ठेवली आणि म्हणाले, "दोन घोट घे, भेव मोडते." त्यानं घेतले. भीती मोडली.

मग काय, गावाला वाटच सापडली. त्या उन्हाळ्यात ज्या ज्या घरात रडारड झाली, त्या त्या घरानं सहदेवला बोलावलं आणि ओट्यावर बाटली ठेवली. गरम पाणी द्यायला कुणी नव्हतं, जवळ बसवून पाठीवर हात फिरवायला कुणी नव्हतं. बाटली तेवढी न चुकता असायची. ज्यांना तो लहानपणापासून काका-काकू म्हणत होता, त्यांना त्यानं एकट्यानं उचललं. घरी येऊन तो अंगणात पडून राहायचा आणि जेवायचं नावही घ्यायचा नाही.

साथ ओसरली. लोकांनी घरं धुतली, लग्नं लावली. सहदेवची दारू मात्र सुटली नाही, आणि आता ओट्यावर बाटली ठेवणारं कुणी नव्हतं, म्हणून तो स्वतःच आणू लागला. ज्या गावानं त्याला पाजली तेच गाव त्याला दारुड्या म्हणू लागलं. रोडग्याचे निरोप बंद झाले. पुढे खोकला लागला, रक्त पडलं, तेव्हा तर लोक तो रस्त्यानं येताना दिसला की बाजू बदलायचे. त्याची बायको आरती, तिनं खूप दिवस काढले. शेवटी लेकीला, ईशिताला घेऊन ती अकोल्याला बापाकडे निघून गेली. तिला दोष देणाऱ्यानं एकदा तिच्या जागी राहून पाहावं.

तर असा तो सहदेव बरा झाला. आणि कौशल्याबाईला आता एकच ध्यास लागला. सून आणि नात घरी आली पाहिजे.

ती अकोल्याला गेली. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, अरुंद गल्लीत आरतीच्या वडिलांचं घर होतं. रविकांत गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी विहीणबाईंना खुर्ची दिली, चहा दिला. डॉक्टरांचा कागद चष्मा लावून नीट वाचला. आरती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"आत्याबाई, माहं मन तथीच हाये," आरती सासूला म्हणाली. "पन पोट्टीले पायलं का भेव वाटते वं."

"डॉक्टरीनबाईनं तीनदा सांगतलं मले, आता भेव नाई."

गुरुजींनी कागदाची घडी करून परत दिली. "विहीणबाई, कागद खोटा नाही. पण पोरीला तिथं राहायचं आहे, गावात. लोक तिच्यासोबत पाणी पिणार नसतील, ईशूला कोणी खेळायला घेणार नसेल, तर काय करायचं? तुम्ही नवसाचे रोडगे करून राहिल्या ना? मी येतो. ईशूलेही आणतो. गाव त्याच्या हातचं खाते का नाही, ते मले डोळ्यानं पाहू द्या. गावानं खाल्लं, तर मी अडवणार नाही."

कौशल्याबाईला ही अट ऐकून आनंदच झाला. तिचा हिशेब पक्का होता. नवसाचा रोडगा ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानंच भाजायचा आणि त्यानंच पंगतीत प्रत्येकाच्या पानावर ठेवायचा, अशी त्यांच्याकडची रीत. वरण, भात, वांग्याची भाजी कुणीही करो, रोडगा त्याच्याच हातचा. आणि त्या रोडग्याला नाही म्हणणं म्हणजे मुंजाबाचा कोप ओढवून घेणं. तिच्या गावाला माणसाची भीड नव्हती, पण मुंजाबाची होती. पोराला कुणी नाकारेल, प्रसादाला कोण नाकारणार? तिनं घरोघर फिरून जेवणाचं आवतण दिलं आणि प्रत्येक दारात मुद्दाम सांगितलं, "नवसाचा हाये बरं."

सगळे हो म्हणाले.

पौषातला दिवस होता. तूर कमरेच्या वर आलेली, शेंगांनी भरलेली. निंबाखाली शेणानं सारवलं होतं, भाजीची कढई आचारी सांभाळत होता. सहदेवनं सकाळी आंघोळ करून धुतलेली बंडी घातली, डोक्याला रुमाल बांधला, आणि कणीक मळायला बसण्याआधी हात दोनदा साबणानं धुतले. कौशल्याबाईनं पाहिलं की तो सगळ्यांना दिसेल असाच, चांगला उघड्यावर उभा राहून हात धुतोय. तिला कसंसंच झालं.

पण विस्तव पेटला, गोवऱ्या लाल झाल्या आणि सहदेवनं रोडगे लावायला सुरुवात केली, तेव्हा जुना सहदेव परत आल्यासारखा वाटला. उलटायची घाई नाही, हात भाजायची फिकीर नाही. कौशल्याबाई उगाच काहीतरी काम काढून चार वेळा त्याच्याजवळून गेली.

"काहून फिरून राहिली वं माय?" तो हसत म्हणाला. "जळत नाई मी."

गुरुजी भाड्याच्या गाडीनं आले. ईशिता गाडीतून उतरली ती थेट बापाकडे पळत सुटली. सहदेव उठून दोन पावलं मागे सरकला. "हात राखेचे हायेत, बेटा. कपडे खराब होतीन," तो म्हणाला. पोरगी कसली ऐकते! तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली. सहदेवनं दोन्ही हात वर धरले होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. कौशल्याबाईनं पदरानं डोळे टिपले. गुरुजी दुसरीकडे पाहू लागले.

दुपारी पंगत बसली. आणि खरं सांगायचं तर कौशल्याबाईच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी पंगत होती. पार तुरीच्या कडेपर्यंत पत्रावळी मांडल्या होत्या. वामनराव आले, त्यांची भावकी आली, ज्यांच्या ज्यांच्या घरी सहदेव त्या उन्हाळ्यात गेला होता ती सगळी घरं आली. गुरुजी वामनरावांच्या शेजारी बसले, ईशिता त्यांच्या शेजारी.

मुंजाबाला नैवेद्य दाखवून सहदेव टोपलं घेऊन वाढायला निघाला. एकेका पानावर एकेक रोडगा. एकानंही नाही म्हटलं नाही. उलट लोक हात पुढं करून घेत होते, रोडगा कपाळाला लावत होते. गुरुजी बघत होते, आणि गुरुजी बघताहेत हे कौशल्याबाई बघत होती.

वामनरावांनी रोडगा कपाळाला लावला आणि खिशातला रुमाल काढून त्यात बांधला. "आमचा पोट्टा शिवम अंजनगावले गेला ना, त्याले नेतो. प्रसाद हाये," ते म्हणाले.

"न्या ना, न्या! तुमच्यासाठी दुसरा देतो," म्हणून कौशल्याबाईनं हाक मारली, "सहदेव, अथी एक अजून दे गा." सहदेवनं दुसरा दिला. वामनरावांनी तोही रुमालात घातला.

मग पंगतभर तेच सुरू झालं. कुणी सुनेसाठी, कुणी घरी राहिलेल्या म्हाताऱ्यासाठी. कुणी कागदात गुंडाळत होतं, कुणी पदराच्या शेवात. वरण, भात, भाजी रेटून चालली होती. कौशल्याबाईचा ऊर भरून आला. माणसं माझ्या पोराच्या हातचं घरच्या लेकराबाळांना नेऊन खाऊ घालणार, याहून आणखी काय पाहिजे? तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. रोडगा जिथल्या तिथं गरमच खायचा असतो, गार झाला की दगड होतो, हे त्या पंचक्रोशीतलं शेंबडं पोर सांगेल. पण त्या दिवशी ते तिला आठवलं नाही.

एकटी शेजारची माणिकबाई बसल्या जागी रोडगा कुस्करून, तूप ओतून खात होती. दात नव्हते, तरी खात होती.

"चांगला झाला काय वं, माणिकबाई?"

"झ्याक झाला. अजून आन एक," माणिकबाई म्हणाली. "मले का होते आता? मेली तं मेली. सारं वय खाऊन झालं माहं."

कौशल्याबाईला हे बोलणं टोचलं. पण म्हातारीच्या तोंडाला कोण लागणार, म्हणून तिनं हसून सोडून दिलं आणि दुसरा रोडगा आणून दिला.

आणि ईशिता खात होती. हनुवटीवर तूप ओघळलं होतं, गालाला वरण लागलं होतं. "आबा, हा माह्या बाबानं केला," ती गुरुजींना सांगत होती. तेवढ्यात भात संपत आल्याचं कुणी तरी ओरडलं, म्हणून कौशल्याबाई कढईकडे गेली. परत आली तेव्हा गुरुजी नातीला हाताला धरून गाडीकडे नेताना पाठमोरे दिसले. हात धुवायला नेत असतील, असं तिला वाटलं.

निघताना गुरुजींनी हात जोडले. "विहीणबाई, जेवण फार चांगलं झालं."

"मंग आरतीले कवा धाडता?"

"जावईबापूंशी बोललो मी. त्यांना विचारा," गुरुजी म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. ईशितानं काचेतून हात हलवला नाही. दमली असेल पोर, रस्ता लांबचा.

पुरुषापुरुषांत दिवस ठरला म्हणायचा. कौशल्याबाई निंबाला टेकून बसली. पंगती उठल्या होत्या, लोक पांगले होते, आचारी कढई घासत होता. तिचं मन भरधाव सुटलं. माडीवरची खोली सारवून घ्यायची. ईशूचं नाव गावच्या शाळेत घालायचं, आणि आरतीला आल्या आल्या चुलीला हात लावू द्यायचा नाही, आठ दिवस नुसतं बसवून ठेवायचं. तिला स्वतःशीच हसू येत होतं.

तुरीत कुत्री भांडत होती. बराच वेळ ती गुरगुर चालली होती. शेवटी ही काठी घेऊन उठली, कारण तूर मोडली असती.

पहिल्या ओळीत शिरताच तिला एक रोडगा दिसला. कुणाच्या तरी हातून पडला असेल, असं वाटून तिनं उचलला, राख-माती झटकली. पुढच्या ओळीत आणखी तीन होते. त्याच्या पुढं कागदात गुंडाळलेले तसेच्या तसे, कागदही सोडला नव्हता. मग तुरीच्या बुंध्याशी, ढेकळांच्या आड, पाण्याच्या पाटात, जिथं पाहावं तिथं रोडगे. गोल, खमंग भाजलेले, एकालाही दात न लागलेला. लेकराबाळांसाठी, सुनांसाठी, घरच्या म्हाताऱ्यांसाठी नेलेले. कुत्र्यांनाही पोटं फुटेस्तोवर पुरले होते आणि उरले होते.

 कौशल्याबाईच्या मनात एकदम आलं, सहदेवला दिसता कामा नये. तिनं पदर पसरला आणि वाकून भराभर वेचू लागली. पदर जड झाला, रोडगे परत खाली पडू लागले, ते ती परत उचलू लागली. तिला धाप लागली.

"राहू दे, माय. मी वेचून राहिलो ना."

सहदेव दोन ओळी सोडून उभा होता. त्याच्या हातात घमेलं होतं आणि ते अर्ध्याच्या वर भरलेलं होतं.

"तुले कवा समजलं?" कौशल्याबाईनं विचारलं.

"पंगत बसली तवाच. वामनरावानं रुमाल मांगच्या मानसाच्या हाती देल्ला, थो तुरीत जाऊन रिकाम्या हातानं आला. मंग सारेच जाऊन राहिले."

"अन् तू वाढतच रायला?"

"ईशूचा आबा पाहून राहिला होता ना," सहदेव म्हणाला. "म्या म्हटलं, त्यायले तरी दिसू नये."

"त्यायले नाई दिसलं, बेटा. थे तं बोलले ना तुह्याशी? कवा धाडतो म्हने आरतीले?"

सहदेवनं घमेलं खाली ठेवलं. तो सावकाश, एकेक शब्द जपून बोलला.

"ईशूनं खाल्ला, माय. तिनं सारा खाल्ला. मंग तिच्या आबानं तिले गाडीमांगं नेलं. मी तिच्यासाठी पानी घेऊन गेलतो. पाहतो तं त्यायनं तिच्या घशात बोटं घातले होते. ओकवलं तिले. अन् सोताच रडून राहिले होते. मले पायलं तं म्हने, जावईबापू, माफ करा. मले सारं समजते, कागदबी वाचला मी. पन माह्या मनाचं काय करू? एकच नात हाये. आरतीले नाई धाडत मी."

कौशल्याबाईच्या पदरातले रोडगे सुटून मातीत पडले.

"ईशू काय म्हने?"

 सहदेव तुरीची एक शेंग सोलत राहिला.

"तिले वाटलं, तिनंच काई वाईट केलं. मले म्हने, बाबा, म्या चोरून नाई खाल्ला. तुमीच देल्ला होता."

मग मात्र कौशल्याबाई पेटली. ती गावाला शिव्या घालत सुटली. वामनरावाच्या दारात जाते, त्याच्या आईचं नाव घेऊन विचारते, तिले उचललं तवा हे हात चालले काय रे तुले! तुमच्या एकेकाच्या ओट्यावर जाऊन बोंब मारते! ती धुऱ्याकडे निघालीही. सहदेवनं तिचा दंड धरला. जोर न लावता धरला, पण सोडला नाही.

"काय करतं जाऊन? थे हात जोडतीन. म्हनतीन, काकू, चुकलं. अन् उद्या रस्त्यानं मी दिसलो का बाजू बदलतीन. भेव हाये त्यायले. मलेबी तवा भेव वाटेच, माय. बाटली होती म्हून मोडे."

एवढं बोलला आणि तो परत वाकून वेचू लागला. कौशल्याबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. पिऊन यायचा तेव्हा तो ढसाढसा रडायचा, बापाला हाका मारायचा, तिच्या पायावर डोकं ठेवायचा. आज त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. एकेक रोडगा उचलायचा, माती झटकायची, घमेल्यात ठेवायचा. तिला त्या कोरड्या तोंडाची भीती वाटली. दारूच्या दिवसांतही तिला त्याची इतकी भीती वाटली नव्हती. एवढं सगळं हा आत कुठं ठेवणार? आणि हिच्या तोंडून ते निघून गेलं, जे कुठल्याही आईच्या तोंडून निघू नये.

"सहदेव, आजच्या दिवस घेऊन ये थोडी. मी काई म्हनत नाई. मुंजाबाले मी सांगतो."

सहदेवनं मान वर केली. आईकडे पाहिलं. 

"नाई, माय," तो म्हणाला. "आता नाई पेत मी. पन एक खरं सांगतो तुले. पेलेला असतो ना, तं आज हे काईच दिसलं नसतं मले. ईशूचं तोंडबी दिसलं नसतं. शुद्धीत होतो, म्हून सारं दिसलं."

 देवाशी भांडून भांडून कौशल्याबाईनं पोराला शुद्धीवर आणलं होतं, आणि आता ती शुद्ध घेऊन त्यानं जगावं कसं, हे तिला सांगता येत नव्हतं. तिच्या पोटातून हुंदका आला तसा तिनं तो मोठ्यानं येऊ दिला. सहदेव जवळ आला, तिचा पदर सारखा केला, आणि तिला ओळीत खाली बसवलं. ती रडत राहिली. मग डोळे न पुसताच तिनं हात लांब केला, पुढ्यातला रोडगा उचलला, आणि मायलेक मिळून बाकीचे वेचू लागले.